फोटोंचं बिऱ्हाड हलवणारी हिरामावशी

हिरामावशीने कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, मी आणलेल्या हार्ड डिस्कलाही लावलं, बोटाला उरलेलं माझ्या कपाळाला पुसलं आणि म्हणाली, "हां, आता ने सगळ्यांना. पण रांगेत. आधी देव, मग गेलेले, मग थोरले. ढकलाढकल नको."

मावशी ठाण्याच्या कोळीवाड्यातली. आमच्या डीटीपीच्या दुकानासमोर सुकी मासळी घेऊन बसायची आणि बोंबील देतानाही गिऱ्हाइकांमधला वयाने मोठा कोण ते आधी विचारायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मावशीचा मुलगा मस्कतला नोकरीला लागला आणि त्याने घरातला कॉम्प्युटर विकायचा ठरवला. घरचे सगळे जुने फोटो त्याने त्यात उतरवून ठेवले होते. मूळ फोटो खाडीच्या दमट हवेने केव्हाच बुरसटून गेले होते. गिऱ्हाईक पाच वाजता येणार होतं. तोवर डिस्कवर जो पोचणार नाही, तो कायमचा गेला. म्हणून दुकानातली डिस्क उसनी घेऊन मी दुपारीच तिच्याकडे हजर झाले.

"मावशी, एक बटण दाबलं की सगळे एकदम जातात," मी म्हटलं.

"एकदम म्हावरं जातं टोपलीत. माणसं नाय."

झालं! एकेक फोटो न्यायचा, पोचला की उघडून दाखवायचा. मावशी पदर सावरून पडद्याला विचारणार, "पोचलात ना?" आणि मगच पुढचा. गणपती गेले, सासरे गेले, तिचे यजमान गेले, तिचे मामा गेले. मग मी एका चुलत दिराला उचललं तर माझा हातच धरला.

"त्याला मामांच्या मागं नको लावू गो, दोघांचं पटत नाय. मधे कोणतरी घाल."

मी मध्ये होडी घातली. "बरं केलंस," मावशी म्हणाली. हसून हसून माझ्या हातात माउस ठरेना. विहीणबाई निघायच्या वेळी नेमकी मला शिंक आली, तर त्यांना पाच मिनिटं थांबवलं. साडेचार वाजले तरी मावशीला घाई म्हणून नाही.

सतरा फोटो उरले आणि ती एकदम म्हणाली, "हे राहू देत."

त्या सगळ्यांत यमुनाबाई होत्या. तिची थोरली जाऊ, भिंतीपलीकडे राहणारी. अकरा वर्षांपूर्वी एका हळदीला, चारचौघांत, यमुनाबाईंनी हिराच्या कालवणाला अळणी म्हटलं होतं.

"तवापासून तोंड नाय बघितलं मी तिचं. आता फोटोत घालून बरोबर नेऊ?"

"मावशी, राहिले तर परत मिळायचे नाहीत."

"नको मिळू देत."

मला रागच आला. रांग लावायची थोरल्यांची आणि खुद्द थोरल्या जावेलाच ठेवायचं मागे! मी एकेक फोटो उघडत गेले. नारळी पौर्णिमेला दोघी एकाच छापाच्या लुगड्यात. बारशाला यमुनाबाईंचा हात हिराच्या खांद्यावर. एका फोटोत तर सोळा वर्षांची नवी नवरी हिरा जावेच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेली.

मावशी पडद्याजवळ सरकली. "मेली सगळीकडं माझ्याच बाजूला उभी!" म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मग उठली आणि भिंतीवर दणादणा मूठ आपटली.

"काय गो यमुने, तुझे फोटो चाललेत! येतेस का?"

पलीकडून खणखणीत आवाज आला, "मी थोरली हाय! मला न्यायला कोण येणार?"

मावशी अनवाणी धावली. परतली ती यमुनाबाईंचा हात धरूनच. दोघी एकाच स्टुलावर अर्ध्या अर्ध्या बसल्या आणि पहिल्याच फोटोपासून "ते लुगडं तुझं नाय, माझं" सुरू झालं. इतका आनंद मला स्वतःच्या घरच्या लग्नातही झाला नव्हता.

तेवढ्यात गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. "मावशी, नेऊ का कॉम्प्युटर?"

पडद्यावरची नजर न काढता दोघी एका सुरात ओरडल्या, "थांब रे!"

आणि हिरामावशीने समजावून सांगितलं, "आमची माणसं यायचीत अजून."