परतवाड्याचा दुपारचा खेळ

शुक्रवारी पहिला खेळ पाहायचा आणि संध्याकाळपर्यंत पेपरला परीक्षण पाठवायचं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. परीक्षण वाचून कुणी गावाला बोलावलं, असं मात्र कधी झालं नव्हतं. या हिवाळ्यात अचलपूरजवळच्या एका खेड्यातून नंदा नावाच्या बाईंचा निरोप मोबाइलवर आला. "ताई, तुमी यायच्या आवाजाबद्दल लिहिलं, थे मामाजीले वाचून दाखोलं. तवापासून म्हनते, मले थेट्रात ने. पिक्चर गुरुवारी उतरून राहिला. तुमी सोबत असान तं लोक काही बोलनार नाही."

'यायच्या' म्हणजे यांच्या, आणि 'हे' म्हणजे गजानन, त्यांचा नवरा. झेंडूची शेती करणारा. वऱ्हाडात चित्रित झालेल्या त्या सिनेमात गावातल्या काही माणसांना छोटी कामं मिळाली, त्यातलं एक त्याचं. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेल्या नायकाला तो, फुलांची तोडणी न थांबवता, त्याची आई गेल्याचं सांगतो. चित्रीकरणानंतर काही महिन्यांनी, फुलं घेऊन अमरावतीला निघालेला गजानन अपघातात गेला. मोबाइलही त्याच्यासोबतच चिरडला, त्याचा आवाज दुसरीकडे कुठे उरला नाही. त्याचे वडील देवराव, म्हणजे नंदाचे मामाजी, यांना आता दिसत नाही. कान शाबूत आहेत. मी लिहिलं होतं, "या आवाजात काळ्या मातीचा ओलावा आहे."

पुण्याहून रात्रीची गाडी पकडली तर सकाळी अकोला येतं. सिनेमा तिथल्या प्रेक्षकांत बसून पुन्हा पाहावा म्हणून मी अकोल्यात उतरले, पण तिथून तो आधीच उतरला होता. रिक्षावाल्याला कारण विचारलं.

"आमचीच भाषा आमालेच तिकीट लावून आयकवतेत," तो म्हणाला. "घरी बायको फुकट आयकवते."

स्टँडवर आलूबोंडा-रस्सा खाल्ला. तिखट आहे, पाणी जवळ ठेवा. मूर्तिजापूरमार्गे अमरावतीची बस सहज मिळते. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधूनच तुरी. अमरावतीत स्टँडजवळ हजाराच्या आत साधी, स्वच्छ खोली मिळाली. संध्याकाळी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वर लाल तिखट. तो चुकवू नका. गुरुकुंज मोझरीला जायचं ठरवलं होतं, ते राहिलं.

सकाळची, अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याची बस खच्चून भरलेली होती. वाटेत ठिकठिकाणी संत्र्यांचे ढीग, क्रेट भरणारी माणसं. नंदा आणि देवराव स्टँडवरच उभे होते. नंदा पस्तिशीची, बोलणं मोजकं. देवरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, हातात काठी. वर्ष सरलेलं नव्हतं. वर्षाच्या आत घरातलं कुणी सिनेमाला जात नाही. गावातल्या एका नातेवाइकानं स्टँडवर अडवलंच.

"काहो काका, पोराचं वर्ष नाही झालं अन् पिक्चरले चालले?"

"पाहाले नाही चाललो," देवराव म्हणाले. "मले दिसते काय? पोराले आयकाले चाललो."

थिएटर जुनं, एकाच पडद्याचं. खुर्च्यांचा फोम निघालेला, पण आवाजाची यंत्रणा नवी. आम्ही धरून जेमतेम वीस माणसं. नंदा आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मध्यंतरापर्यंत देवराव मान खाली घालून बसून होते. नंतर नायक एस.टी.तून उतरला, शेताच्या वाटेला लागला, तेव्हा नंदानं त्यांच्या हातावर हात ठेवला. ते पुढे सरकले.

गजानन बोलू लागला.

"हा कोन बोलून राहिला?" देवरावांनी विचारलं.

"तेच हायेत, मामाजी."

"नोहे."

पडद्यावर झेंडू वाऱ्यानं लवत होता आणि आवाजात वारा नव्हता. ओठ आणि शब्द जवळजवळ जुळत होते, पण पुरते नाही. संवाद मागाहून दुसऱ्या कुणाकडून बोलून घेतला होता. पहिल्या वेळी मी चेहऱ्याकडे पाहत राहिले आणि कानावर विश्वास ठेवला.

देवराव मागे टेकले. मग हळूच म्हणाले, "दिसते का थो?"

"दिसतेत."

"सांग मंग."

"निळा शर्ट घातला. भाच्याच्या लग्नातला. बाह्या वर केल्या."

"टोपलं?"

"डाव्या कमरेवर."

"डाव्याच. अजून?"

"फुलं तोडून राहिले. मान वर नाही करत."

पुढच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "ओ माय, आमाले बी आयकू द्या ना."

"आता वळले," नंदा म्हणाली. "चालले. गेले."

"झालं आमचं, बावा," देवराव त्या रांगेला म्हणाले आणि काठी चाचपू लागले. बाकीचा सिनेमा आम्ही पाहिला नाही.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी त्यांना डबिंग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माझी चूक झाली, असंही म्हणाले. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"तुमी लिहिलं थे खोटं नोहोतं, बाई. तसाच होता आवाज त्याचा. तुमी आयकला नाही, एवढंच."

परतीच्या गाडीत झोप आली नाही. पुण्यात पोचल्यावर दिग्दर्शकाला फोन केला. शेतावर जनरेटरची घरघर फार होती, म्हणून तो प्रसंग मुंबईत एका कलाकाराकडून डब करून घेतला, असं तो म्हणाला. मूळ ध्वनिमुद्रण? "ती डिस्क पुसून पुढच्या सिनेमाला वापरली. सगळेच वापरतात."

वेबसाइटवरच्या परीक्षणातून मी आवाजाचं वाक्य काढलं, खाली दुरुस्तीची नोंद टाकली आणि गजाननच्या तोडणीबद्दल, त्याच्या वर न झालेल्या मानेबद्दल लिहिलं. ते नंदाला पाठवलं. दोन दिवसांनी तिचा निरोप आला.

"ताई, नवं वाचून दाखोलं. चांगलं हाये म्हनले. पन रोज सकाळी पेपरातलं जुनंच वाचाले लावतेत. आवाजाचं वाक्य आलं की म्हनतेत, थांब जरासाक. मंग डोळे मिटून बसतेत. मी थांबतो. मंग म्हनतेत, हं, वाच पुढं."