अंबारी शेवटी येते: एक चाकांवरचं घर, दोन पिकअप आणि बन्नूरचा रस्ता

आमच्या सरस्वतीपुरमच्या घराच्या पोर्चमध्ये दोन वर्षं आणखी एक घर उभं होतं. चाकांवरचं. माझा नवरा मोहन याने ते हेब्बाळच्या आपल्या वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी खपून बनवलं. आत दोन बाकं, ती पसरली की पलंग, एक छोटा ओटा आणि आईंच्या गुडघ्यांना झेपेल असा उंच कमोड. आई म्हणजे माझ्या सासूबाई. घराण्याची कुलदेवी तुळजापूरची, पण आईंना बाहेरचं खाणं चालत नाही आणि परक्या बाथरूमची धास्ती, त्यामुळे सासरे गेल्यापासून त्यांनी म्हैसूरबाहेर एक रात्र काढलेली नाही. "तुला तुझ्या घरासकट तुळजापूरला नेतो," असा शब्द मोहनने त्यांना दिला होता. घर तयार झालं आणि घोडं अडलं ते नेमकं ओढणाऱ्या गाडीपाशी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!

आमच्या छोट्या गाडीला ते ओझं झेपणारं नव्हतं. ती देऊन पिकअप घ्यायची म्हटलं तर तीच एक गाडी घरात राहणार. म्हणजे तिने तुळजापूरपर्यंत कॅराव्हॅन ओढायची आणि एरवी माझं कॉलेज, भाजी, आईंचे डॉक्टर हेही सांभाळायचं. अशात काबिनीकडच्या एका रिसॉर्टच्या मालकाने कॅराव्हॅन पाहिली. त्याला ती नदीकाठी कायमची खोली म्हणून ठेवायची होती आणि सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. मोहन म्हणाला, "शनिवार-रविवार ओढून बघू. नाही जमलं तर देऊन टाकू." हे तो अगदी सहज म्हणाला, पण जेवताना भात तसाच ठेवून उठला.

दोन गाड्या उसन्या मिळाल्या. पांढरी दिनेश भाऊजींची. भाऊजी म्हणजे मोहनचे चुलतभाऊ. पूर्वी या घराण्यात कापड रंगवायचा धंदा होता, आता भाऊजींचं कापडाचं दुकान आहे आणि पांढरी तिथले गठ्ठे वाहते. मागच्या चाकांवर स्प्रिंगचे लोखंडी पाटे, पुढे-मागे बसायची सोय, दिसायला साधी. निळी मोहनच्या मित्राची: उंच, रुंद, ऑटोमॅटिक, चारही चाकांना जोर देणारी, आणि इतकी चकचकीत की भाऊजी तिला टेकायलासुद्धा धजेनात.

आईंनी निळीकडे खालून वर पाहिलं. "अय्यो, एवढं वर कुणी चढायचं रे? सर्कशीत आहे काय मी?"

"पाट देतो की काकू," भाऊजी म्हणाले.

पाटावर पाय ठेवून, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने भाऊजी, अशी चढाई झाली. वर बसल्यावर मात्र आईंचा चेहरा खुलला. "इथनं सगळ्यांच्या कंपाउंडातलं दिसतंय गं! त्या टीचरबाईंनी अजून पापड वाळत घातलेत बघ."

सामान भरणं हे आमच्या घरातलं एक स्वतंत्र प्रकरण आहे. मोहनने ओटा पुढच्या बाजूला बांधला होता, म्हणजे भांडीकुंडी तिथेच जायला हवी होती. आईंनी ते आदल्या दिवशीच मोडीत काढलं. गाडीत देव पुढेच असतो, मग घरातही पुढेच असणार. पुढच्या ओट्यावर तुळजाभवानीची तसबीर, समई आणि हळदीकुंकू आलं, आणि त्याच्या आसपास कांदा-लसूण, चपला, खरकटं असलं काही चालणार नव्हतं. उरलेला संसार अगदी मागे गेला: पाण्याचे कॅन, तांदळाची पिशवी, पितळी पातेलं आणि आईंचा दगडी चाकांचा ग्राइंडर. दोन दिवसांना ग्राइंडर कशाला, हे विचारायची आमच्यात कुणाचीच छाती नव्हती. मीही कॅन उचलून उचलून मागेच रचले.

सकाळी उन्हं तापायच्या आत निघालो. हा सल्ला तुम्हालाही. बन्नूर रस्ता छान आहे, दोन्हीकडे भात आणि ऊस, पण उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर धीर हवा. कॅराव्हॅन पांढरीला जोडली होती आणि ती मोहन चालवत होता, शेजारी मी. आई आणि भाऊजी निळीतून मागे. रिकामी असताना पांढरी प्रत्येक गतिरोधकावर जेवण वर आणते, पण ओझं जोडल्यावर शहाण्यासारखी चालली होती. रिंग रोड सुटला, मोहनने थोडा वेग घेतला, आणि पाठीमागून कुणीतरी धरून हलवावं तशी गाडी डुलायला लागली. कॅराव्हॅनचं शेपूट डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मोहनने ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि डुलणं हळूहळू थांबलं. माझ्या हातात डॅशबोर्डची कड होती आणि ती सोडायला मला बराच वेळ लागला.

बन्नूरला तट्टे इडली खाल्ली. बशीएवढी, लुसलुशीत, वर लोण्याचा गोळा, आणि चौघांचं मिळून बिल पाहून शहरातल्या हॉटेलांचा राग यावा असं. खाताखाता पांढरीवर खटला चालला.

"हलकी पडते. मागच्याला धरून ठेवायचा दमच नाही," मोहन म्हणाला.

"माझी गाडी कापड वाहते रे बाबा, हत्ती नाही," भाऊजी म्हणाले, पण त्यांना लागलं होतं.

कॅराव्हॅन निळीला जोडली. मोहन, आई आणि मी निळीत, भाऊजी पांढरी घेऊन मागे. काय सांगू, राणीच ती! चढ आला तरी आवाजात फरक नाही, आतली भगवद्गीतेची कॅसेटही, म्हणजे आईंच्या फोनमधली, स्पष्ट ऐकू येत होती. मळवळ्ळीच्या दिशेने तासभर मोहन शीळ घालत होता. मग एका उतारावर शेजारून लॉरी गेली आणि पुन्हा तेच. डावीकडे, उजवीकडे. निळी जड असल्यामुळे कमी हलली, पण हलली.

मोहनची शीळ थांबली. शिवनसमुद्राचा धबधबा पाहायचा बेत होता तो सोडून आम्ही सावकाश मागे फिरलो. "गाड्यांचा दोष नाही," तो म्हणाला. "मीच चुकीचं बनवलंय. सोमवारी त्या माणसाला हो म्हणून टाकतो."

मागच्या सीटवरून आई म्हणाल्या, "दे रे. मला काय, घरी बरंच आहे की." आणि त्या खिडकीतून ऊस बघत बसल्या. मला फार वाईट वाटलं. तुळजापूरला नेसायची हिरवी साडी त्यांनी महिनाभर आधी फॉल लावून ठेवलेली मला माहीत होती.

मुक्काम बन्नूरजवळ भाऊजींच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर होता. मोकळी सपाट जागा, बोअरचं पाणी, कडेला नारळ. (असं कुणी ओळखीचं असेल तर हॉटेल शोधू नका. आणि मागे ओढायच्या घराच्या कागदांचं निघण्याआधी आरटीओत विचारून घ्या.) पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. भाऊजींनी कॅराव्हॅनच्या चाकांना दगड लावले. कॅराव्हॅन सोडवताना तिचा पुढचा दांडा उचलावा लागतो आणि त्याला नेहमी दोन पुरुष लागतात. मोहन तोंड पाडून पाणी प्यायला गेला होता म्हणून मी हात घातला. दांडा फुलासारखा वर आला.

"बघा, बघा! एका हाताने!" मी ओरडले. "भाऊजी, फोटो काढा!"

भाऊजींनी फोटो काढलासुद्धा. त्यात माझा दंड फुगवलेला आहे आणि मागे मोहन तांब्या हातात धरून भूत पाहिल्यासारखा उभा आहे.

"खाली ठेव," तो म्हणाला. "परत उचल." मी उचलला. "हा एवढा हलका कसा? दोघांनी मिळून जोडला म्हणून कळलंच नाही."

त्याने मागचं दार उघडलं. ग्राइंडर, कॅन, तांदूळ, पातेलं. मग तो पुढे गेला. तिथे भवानी एकटी, ऐसपैस. ओझ्याचा भार पुढच्या दांड्यावर यायला हवा, म्हणजे ओढणारी गाडी त्याला धरून ठेवते. आमचा सगळा भार शेपटात होता, मग शेपूट हलणार नाही तर काय! नाचता येईना अंगण वाकडं, आणि आम्ही दिवसभर गाड्यांना नावं ठेवत होतो. मोहन हसत सुटला. भाऊजींनी पांढरीच्या बॉनेटवर थाप मारली, "ऐकलंस काय गं?"

पण हसू लगेच विरलं. ग्राइंडर पुढे आणायचा तर देव मागे न्यावे लागणार, आणि हे आईंना सांगणार कोण? मोहन माझ्याकडे बघायला लागला, मी भाऊजींकडे, भाऊजी नारळाकडे.

आई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. "काय कुजबुजताय? मला कळत नाही काय?" त्या उठल्या, गुडघे धरत आत गेल्या, तसबिरीला हात जोडले. "मोहना, दसऱ्याच्या मिरवणुकीत अंबारी कुठं असते रे?"

"कुठं म्हणजे?"

"पुढं घोडे, बँड, चित्ररथ. हत्तीवरची चामुंडीची अंबारी सगळ्यांच्या शेवटी. लोक तासन् तास उन्हात थांबतात ते कुणासाठी? मग आपली देवी मागं बसली तर तिचा मान जातोय काय? सुम्मने, उगीच घाबरता." आणि तसबीर पदरात धरून त्या स्वतः मागे घेऊन आल्या.

त्या संध्याकाळी ग्राइंडर पुढे बसला आणि आईंनी वाटलेल्या पिठाचे दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर डोसे झाले. त्या शेतकऱ्याच्या घरच्यांनीही खाल्ले. आई कॅराव्हॅनच्या दारात बसून वाढत होत्या आणि रात्री झोप कशी लागली म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आपल्याच घरात झोप लागायला काय झालं?"

परतताना तिरुमकूडलू नरसीपूरमार्गे आलो. संगमावर थांबलो, नारळपाणी प्यायलो. अर्धा रस्ता निळी, अर्धा पांढरी. लॉऱ्या शेजारून गेल्या, उतार आले, ट्रॅक्टर आडवे आले, कॅराव्हॅन मात्र मागे गुमान. मोहनने दोन्ही गाड्यांत शीळ घातली.

आता तुमच्यापैकी ज्यांना निवड करायची आहे त्यांच्यासाठी. घाटात, चिखलात वरचेवर जाणार असाल आणि घरात कुणाचे गुडघे दुखत नसतील तर निळीसारखी घ्या, डोळे मिटून. आम्ही तिला घेऊन आमच्या गल्लीत वळलो तेव्हा दोनदा मागे-पुढे करावं लागलं आणि भाजी घ्यायला उतरताना आईंचा पाट बाजारभर मिरवला. पांढरी एका झटक्यात वळते, तिच्या पायरीवर आई एकट्या चढतात. डिझेल दोघीही ओझं असताना भरपूर पितात, त्यात डावंउजवं नाही. पांढरी रिकामी असली की उडते, हे खरं. त्यावर आईंचा उपाय असा, "मागं दोन तांदळाची पोती टाक. पोटात काही नसलं की सगळेच उड्या मारतात."

आम्ही पांढरीसारखीच घेतोय. भाऊजींची छाती अजून खाली आलेली नाही.

सोमवारी सकाळी रिसॉर्टवाल्याचा फोन आला. मोहन अंघोळीला होता, मी कॉलेजला निघत होते. फोन आईंनीच उचलला. "इल्ल री, कोडल्ल. अदु नम्म मने," एवढंच म्हणाल्या. नाही हो, देणार नाही, ते आमचं घर आहे. फोन ठेवून त्या पोर्चमध्ये गेल्या.

बाकी सगळं सामान आम्ही उतरवून घेतलंय. ग्राइंडर तेवढा आईंनी स्वयंपाकघरात परत आणू दिलेला नाही. रोज सकाळी भिजवलेले तांदूळ घेऊन त्या पोर्चमधल्या घरात जातात, वाटतात आणि पीठ घेऊन येतात. मी म्हटलं, आई, अजून गाडी यायचीय, तोवर कशाला त्रास. तर म्हणाल्या, "उतरवा आणि परत चढवा, कुणी सांगितलंय? जायचंच आहे की आता."