पोरं तिला भोंगा म्हणायची

एवढ्याशा अंगात एवढा मोठा आवाज मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. ओढ्यापलीकडून तिनं हाळी दिली की शाळेमागं खिचडी ढवळताना मी दचकायचे. दहा वर्षांची असेल. हाडकुळी, तांबूस केसांची, खांद्यावर कायम घोंगडं. नाव ठकू, पण आमच्या शाळेतली पोरं तिला भोंगा म्हणायची. हे नाव सईनं ठेवलेलं. सई पाटलांची मुलगी, चौथीतली, वर्गाची मॉनिटर.

आमची वस्ती देवगाव रंगारीच्या बाजूला. पावसाळ्यात भोंग्याच्या घरचा वाडा, म्हणजे साठेक मेंढरं, ओढ्यापलीकडं पाटलांच्या पडीक रानात बसायचा. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, त्याच्या बदल्यात पाटील ज्वारी देत. वाडा जवळ असला की भोंगा शाळेत यायची. पटावर नाव नव्हतं, पण सर म्हणाले, येऊ दे.

जेवायच्या रांगेत सई ओढणी नाकाला लावायची. "सरक तिकडं. बोकडाचा वास येतोय."

भोंगा जागची हलायची नाही. "बोकडाचा नाय, मेंढीचा हाय. बोकडाचा येगळाच असतो. दावू का आणून?"

सगळी रांग हसायची आणि शेवटी सईच सरकायची.

मी एकदा तिला विचारलं, "एवढं ओरडून घसा बसत नाही का गं?"

"घसा कशाचा बसतो मावशी? म्या पोटातून वरडती. मेंढरू कानानं चालतं. माझी हाळी आली की कुठंबी असू दे, येतंच."

ते खरं होतं. वाडा हलवायचा असला की भोंगा पुढं जाऊन थांबायची आणि बाप मागं राहायचा. बापाला दमा, त्याचा आवाज लांब जायचा नाही. सगळी मेंढरं गोळा झाली की तो डोक्याचा लाल पटका सोडून हवेत फिरवायचा. पटका फिरला की हिनं हाळी द्यायची. "ह्योऽऽ, ये ये येऽऽ!" आणि सगळा कळप तिच्या आवाजावर निघायचा. हे मी शाळेच्या मागच्या दारातून कितीदा पाहिलं होतं.

त्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता, म्हणून अकरा पोरं शाळेत आली. भोंगा ओढा गुडघाभर होता तेव्हाच इकडं आली. त्यानंतर पुलावर पाणी चढलं आणि सर मोटारसायकल घेऊन पलीकडंच अडकले. मी एकटीच होते. वरच्या डोंगरात रात्रभर पडलेलं पाणी आमच्यापर्यंत पोचलं, तेव्हा मी खिचडीला फोडणी देत होते. चुलीत पाणी शिरलं. बाहेर येऊन बघते तर शाळा आणि वस्तीच्या मधलं खोलगट पार भरलं होतं. वस्तीवरची माणसं पलीकडून ओरडत होती, पण येणार कशी?

शाळेच्या मागं टाकीसाठी लोखंडी शिडी आहे. खालून मी एकेक लेकरू उचलून द्यायचे, वरून भोंगा बखोट धरून ओढून घ्यायची. शेवटी सई. तिचा पाय घसरला, ती कंबरेपर्यंत भिजली, पण भोंग्यानं वेणी धरून तिला वर घेतलं.

स्लॅबवर पाऊस परत सुरू झाला. पोरं रडायला लागली. मला काही सुचेना. भोंग्यानं सगळ्यांना कळपासारखं बसवलं. "बारकी मधी. थोरली भाईरनं. तोंडं आत, पाठी भाईर. पाऊस पाठीला लागू द्या, रडू नगा." मी पण तिच्या सांगण्यानं बसले. सई थरथर कापत होती. भोंग्यानं घोंगड्याचा अर्धा भाग तिच्यावर टाकला.

"वास येतोय का गं?"

"येतोय," सई म्हणाली. "सरक अजून जवळ."

तेवढ्यात पाऊस जरा उघडला आणि पलीकडचं रान दिसलं. रान कसलं, सगळं पाणीच. मधोमध एक उंचवटा, त्याच्यावर भोंग्याची मेंढरं एकमेकांना चिकटून उभी, आणि बाजूला तिचा बाप. आई धाकट्या भावाला घेऊन बाजाराला देवगावला गेलेली. भोंगा उठून उभी राहिली. बापाला ती दिसली असावी. त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि हवेत फिरवला.

आता मला वाटतं, तो तिला विचारत असेल, बरी आहेस ना. किंवा कुणी होडी घेऊन यावं म्हणून खूण करत असेल. भोंग्याला त्या पटक्याचा एकच अर्थ ठाऊक होता.

"आबा हाळी दे म्हणतोय," ती म्हणाली, आणि तिनं हाळी दिली.

मी तिच्या शेजारीच होते. माझा हात तिच्या तोंडापर्यंत सहज पोचला असता. पण मला वाटलं, मेंढरांचं तिलाच कळतं.

मेंढरांनी माना वर केल्या. पुढची मेंढी पाण्यात उतरली. मग दुसरी, मग सगळीच. बाप आडवा पडून धरत होता, तरी ती त्याच्या अंगावरून गेली. ती आमच्याकडंच येत होती. थोडं अंतर कापून आलीसुद्धा. मग धारेला लागली आणि वळली. भोंगा आणखी जोरात हाळी द्यायला लागली, जणू आवाजानंच ओढून घेणार होती. शेवटी सईनं उठून तिच्या तोंडावर हात ठेवला, तिला खाली बसवलं आणि दोघींच्या डोक्यावर घोंगडं ओढलं.

तो उंचवटा शेवटपर्यंत बुडाला नाही. चारच्या सुमाराला होडी आली, तेव्हा त्याच्यावर तिचा बाप एकटा उभा होता.

पुढचे काही दिवस आम्हा सगळ्यांना देवगावच्या मंगल कार्यालयात ठेवलं होतं. सई आपल्या आईजवळ झोपायचं सोडून भोंग्याच्या सतरंजीवर जायची. दोघी एका ताटात जेवायच्या. भोंग्याचा बाप येऊन बसला की म्हणायचा, "पोरी, पटका म्या हलवला."

ती म्हणायची, "हाळी म्या दिली."

याच्यापुढं त्यांचं बोलणं जायचं नाही. एकदा सईनं मला बाजूला घेतलं. "मावशी, चूक कुणाची?" मी म्हटलं, पाण्याची. तिला ते पटलं नाही. मलाही नाही.

मेंढरं गेल्यावर रानात काय करणार? बापाला शेंद्र्याला कंपनीत माल भरायचं काम मिळालं आणि ते तिकडं गेले. दिवाळीनंतर सईनं फारच हट्ट धरला, म्हणून तिच्या आईला विचारून मी तिला घेऊन गेले. पत्र्याच्या सारख्याच खोल्यांची रांग. नळावर भोंग्याची आई भेटली.

"बाई, ही आता कुणाला हाक मारत नाय," ती म्हणाली. "धाकटा रस्त्याला गेला तर पळत जाती अन् धरून आणती. पर वरडत नाय."

भोंगा बाहेर आली. उंच झाली होती. बोलली, पण इतकं हळू की मला पुढं वाकावं लागलं. सईनं शाळेतलं सगळं सांगितलं, कोण पडलं, कुणाला मार बसला. भोंगा हसली पण. मग तिनं चहा केला.

निघालो तेव्हा ती दारातच थांबली. आम्ही मोठा रस्ता ओलांडून रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. सई सारखी मागं वळून बघत होती. एवढ्यात कंपन्यांच्या ट्रकांमधून वाट काढत भोंगा पळत आली आणि तिनं सईच्या कोपराला हात लावला.

"अगं, तिथनंच हाक मारायची ना! ट्रकांमधून कशाला आलीस?"

तिला धाप लागली होती. सईची बाही धरून ती म्हणाली, "हाक मारली असती तर सई आली असती ना मधी."

मी तिचा हात धरून तिला पलीकडं पोचवलं.