बाराशे पासष्ट तासांचं नाटक

१९८९च्या सप्टेंबरात लंडनच्या ईलिंगभर बातमी झाली, की सुप्रभा टिपणीस शाळेतली नोकरी सोडून नाटकात शिरल्या, आणि आता बाराशे पासष्ट तास तालीम करणार. बातमी घरातूनच फुटलेली, म्हणजे पक्की. त्यांचे यजमान श्रीकांतराव यांनी फ्रिजवर चिकटवलेला कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता: 'डायरेक्टेड टाइम, १२६५ तास.' डायरेक्टर म्हटलं की श्रीकांतरावांना एकच माणूस ठाऊक, इथल्या मराठी मंडळाचं दिवाळीचं नाटक बसवणारा चंद्रशेखर. पुढचं वर्ष डोळ्यांपुढे येऊन ते बिचारे कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकले, आणि तीन दिवसांत वेम्बलीचा भाजीवालासुद्धा "भाभी फिल्म में जा रही हैं क्या?" विचारू लागला.

कागदावरचा डायरेक्टर मात्र निराळा होता. तो म्हणजे शाळेचे हेडमास्तर. दोन वर्षांपूर्वीच नियम झाला होता, की हेडमास्तरांनी शिक्षकांना आपल्या हुकमाने राबवायचं ते वर्षाला बाराशे पासष्ट तासच; वर्ग, मीटिंगा, पालकांच्या संध्याकाळी, सगळं त्यात आलं. नियम सगळ्यांना माहीत होता. बेरीज कुणी केली नव्हती, एवढंच. आणि सुप्रभाबाई शिकवतात गणित.

बेरजेमागे गणिताचं प्रेम होतं असं त्या सांगतात. आपण ऐकून घ्यावं. खरी गोष्ट अशी, की डोंबिवलीच्या कॉलेजात अभिनयाची बक्षिसं मिळवलेली ही बाई इथे आल्यापासून पंधरा वर्षांत एकदाही स्टेजवर चढली नव्हती. मागची दोन वर्षं भूमिका मिळाली आणि हातची गेली. तालीम गुरुवारी सहाला, आणि शाळेची स्टाफ मीटिंगही गुरुवारीच; पाचला संपायची ती सहाला संपे. यंदा चंद्रशेखरने बजावलं होतं, तीनदा उशीर झाला की भूमिका मंडळातल्याच मीनलला. मीनलला त्या भूमिकेचे सगळे संवाद पाठ होते, आणि ती हे कुणापासून लपवत नव्हती.

मग बाईंनी शाळेच्या वर्षभराच्या वेळापत्रकाची बेरीज मांडली, मीटिंगा खरोखर संपत तिथवर धरून. निघाले बाराशे एक्क्याण्णव. सव्वीस गुरुवार, सव्वीस जादा तास. हेडमास्तर म्हणाले, मीटिंग लांबते ती सगळ्यांच्या उत्साहामुळे. बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, उत्साह कुठल्या रकान्यात धरू? स्टाफरूममध्ये एकाला चहाचा ठसका लागला. आठवडाभरात करार झाला, मीटिंग पाचच्या ठोक्याला बंद, आणि खाली हेडमास्तरांची सही. फ्रिजवर चिकटला होता तो हाच कागद.

वह्या तपासणं मात्र त्या तासांत धरलेलं नव्हतं. ते शिक्षकांनी आपल्या हौसेने करायचं. म्हणून बाई तालमीला वह्यांची पिशवी घेऊन येत आणि आपली एन्ट्री येईपर्यंत लाल पेन चालवत. एकदा लिली नावाच्या मुलीच्या अपूर्णांकांखाली 'दार उघडू नका, मामंजी' असं सुवाच्य मराठीत लिहून गेलं. लिलीच्या आईला ती शाबासकी वाटली.

बाई आता सहाला हजर, एकदाही उशीर नाही. पण साडेसातला संपायची तालीम चंद्रशेखर साडेआठपर्यंत ताणू लागला. तीन गुरुवार बाईंनी घड्याळाकडे नुसतं पाहिलं. चौथ्या गुरुवारी पिशवीतून कोरा कागद काढून त्यावर सहा ते साडेसात असं लिहिलं आणि त्याच्यापुढे धरला.

चंद्रशेखर दुखावला. "वहिनी, कलेला घड्याळ नसतं," म्हणाला, आणि सवयीने मीनलकडे वळला. मीनलने कोट चढवून बटणंसुद्धा लावली होती.

सुप्रभाबाई म्हणाल्या, "भावजी, आमचे हेडमास्तरही अस्संच म्हणायचे. घ्या, पेन लाल आहे, पण सहीला चालतं."