व्हर्नाचं मत

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, व्हर्ना टॉलिव्हर शाळेची बस चालवायची. धाकटा भाऊ ड्वाइट शेजारीच मका पेरायचा. पाठीमागच्या शेतांवर घरांच्या वसाहती उठल्या, तशी व्हर्नाची बस भरली. आता मुलं तिघं तिघं दाटीनं बसत.

काउंटीला स्वतःची सनद हवी की नको, यावर त्या वर्षी मतदान ठरलं आणि वाद पेटला. आजवर लहानसहान कायद्यासाठीही राजधानीतल्या विधानसभेकडे तोंड वेंगाडावं लागे. स्वतःची सनद झाली की आपलं कौन्सिल आपले कायदे करणार. नव्या वसाहतीतल्या निवृत्त मास्तरीण कॉन्स्टन्स एबरसोल घरोघर हेच सांगत होत्या. व्हर्नाकडेही त्या पीच पाय हा फळांचा गोड पदार्थ घेऊन आल्या. सनद आली की बांधकामाला लगाम बसेल, असं त्यांनी समजावलं. व्हर्नाला पटलं.

संध्याकाळी ड्वाइट आला आणि उरलेला पीच पाय खाता खाता म्हणाला, "त्या बाईंचं स्वतःचं घर झालं, आता मागून येणाऱ्याला दार बंद! आणि माझं शेत? म्हातारपणी मी ते कुणाला विकू?" व्हर्नाला तेही पटलं.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जाहीर सभा झाली. कॉन्स्टन्सबाई सनदेच्या बाजूनं बोलल्या. पाठोपाठ वसाहती बांधणाऱ्या बिल्डरचा माणूस उठला आणि तोही सनदेच्याच बाजूनं बोलला. व्हर्नाचं डोकं गरगरलं. बोलणाऱ्यांत नाव दिलं नव्हतं, तरी ती उठून माइकपाशी गेली.

"या बाईंना घरं थांबवायचीत, या साहेबांना बांधायचीत," ती म्हणाली. "मग तुम्ही दोघं एका बाजूला कसे? तुमच्यातलं कुणीतरी फसतंय. कोण ते मला सांगा, म्हणजे मी मत देते."

हॉलमध्ये हशा पिकला. बिल्डरचा माणूस म्हणाला की, आम्हाला नियम एकदाचे ठरलेले हवेत, मग ते कसेही असोत. कॉन्स्टन्सबाईंनी ओठ आवळले. उत्तर मिळालं असं सगळ्यांना वाटलं, व्हर्ना सोडून.

मतदानाच्या दिवशी ती पडद्याआड इतका वेळ उभी राहिली की बाहेरून कुणीतरी खाकरलं. शेवटी भावाची आठवण काढून तिनं 'नको' म्हटलं आणि बाहेर पडताच वाटलं, चुकलं.

सनद थोडक्या मतांनी मंजूर झाली. नव्या कौन्सिलनं पहिल्याच हिवाळ्यात ठरवलं, शाळा वाढेपर्यंत नवी वसाहत नाही. ड्वाइटचा शेत विकायचा ठरत आलेला सौदा फिसकटला. व्हर्नानं सनदेलाच मत दिलं असं धरून कॉन्स्टन्सबाईंनी चर्चमध्ये तिचे हात धरून आभार मानले. 'मी विरोधात होते,' हे तिच्या ओठांवर आलं, पण निघालं नाही.

ड्वाइटचाही तोच समज होता; त्यानं मात्र अबोला धरला. वसंतात ती त्याच्या शेतावर गेली. तो ट्रॅक्टरवरून उतरला नाही.

"मी तुझ्या बाजूनं मत दिलं होतं," ती म्हणाली.

"मग सभेत काय बोललीस ते?"

"मला कळत नव्हतं म्हणून विचारलं."

"आता कळलं?"

"नाही."

ड्वाइटनं ट्रॅक्टर बंद केला. मग खाली उतरला. मातीत अजून गारवा आहे, मक्याची पेरणी आठवडाभर थांबवावी का, असं त्यानं विचारलं. तेही तिला सांगता येईना. दोघं बांधावर उभे राहून माती चिवडत राहिले.