मिशांचा डबा

माझी बायको आणि मी पुसदकडच्या एका तांड्यावरच्या दोन शिक्षकी शाळेत बरोबर होतो. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. जानेवारीत ती गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत चारही वर्ग माझ्या खोलीत बसले आणि तिच्या खोलीला कुलूप राहिलं. जूनमध्ये तिच्या जागी नव्या बाई येणार असं कळलं, तेव्हा शाळा उघडायच्या आठ दिवस आधी मी ते कुलूप काढलं.

वर्ग तयार करण्यात वेळ घालवू नये, असं ती म्हणायची. जे पोरांना जमतं ते आपण करायचं नाही. तिनं खोलीभर एक दोरी फिरवली होती आणि वर्षभराचे तक्ते तिला चिमट्यांनी लावले होते. कोपऱ्यातून दोरी ओढली की पुढच्या महिन्याचे तक्ते फळ्यासमोर यायचे. दोरी जानेवारीवर थांबली होती. भिंतीला लागून तेलाचे रिकामे डबे होते, तोंड कापून कडा आत वळवलेले. प्रत्येकावर एक चित्र: शेळी, खेकडा, कोंबडा, एसटी, छत्री. शेवटच्या डब्याला मात्र झाकण होतं आणि त्यावर मिशा होत्या. नुसत्या मिशा, भोवती चेहरा नाही. अक्षर एकाही डब्यावर नव्हतं.

नव्या बाईंना यातलं काही सापडलं नाही, तर त्या आठवडाभरात डबे भंगारात काढतील, अशी मला भीती वाटली. मला ते डबे तिथंच हवे होते. म्हणून बाईंचा वेळ वाचेल अशी व्यवस्था लावायचं मी ठरवलं आणि त्यात आठ दिवस घालवले. पट्टीनं रेघा आखून चिठ्ठ्या लिहिल्या. सामान वर्णानुक्रमानं लावलं: आधी कात्र्या, मग खडू, मग डस्टर, पाट्या, मणी. पहिलीच्या पोरांना अक्षरं येत नाहीत, म्हणूनच ती पहिलीत असतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मिशांचा डबा हलवला तर खडखडला. त्यावर ‘संकीर्ण’ अशी चिठ्ठी डकवून मी मोकळा झालो.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी घासायला आल्या होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या.

“काय करून राह्यले, गुरुजी?”

“नव्या बाईंना सगळं पटकन सापडावं म्हणून.”

“सापडते ना. खडू शेळीत, कात्र्या खेकड्यात. शेळीनं खडूचं खोकं खाल्लंतं, तं पोरं दोन दिस हासली. मॅडम म्हणे, ज्याच्यावर हासले ते पोरं इसरत नाहीत. तुमाले सांगितलं नाही का मॅडमनं?”

“नाही.”

“तुमी इचारलं कधी?”

मी पुढची चिठ्ठी कापायला घेतली.

पहिल्या दिवशी पोरांना गुलाबाची फुलं दिली, फुगे दिले. नव्या बाई वर्गात गेल्या आणि म्हणाल्या, “खडू आणा रे कुणीतरी.” चारपाच जण शेळीकडे धावले. शेळीतून कात्र्या निघाल्या. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मग दुसरीच्या पोरांनी कुणालाही न विचारता सगळे डबे सतरंजीवर उपडे केले आणि सामान ज्याच्या त्याच्या जागी टाकलं. परिपाठाची घंटा व्हायच्या आत माझे आठ दिवस पुसले गेले.

बाई एका मुलीला म्हणाल्या, “अगं, पण इथं तर कात्री लिहिलंय.”

“ते सरनं लिवलं, मॅडम. सरले या खोलीतलं काही मालूम नाही.”

“आणि हा संकीर्ण?”

सगळा वर्ग माझ्या मिशांकडे बघून हसला. “तो सरचा हाय,” ती म्हणाली आणि तिनं झाकण काढलं.

आत चष्म्याची दोन घरं होती, पेनांची टोपणं, माझी शिट्टी आणि माझ्या कपाटाची किल्ली. ते कुलूप मी दोन वर्षांपूर्वी शाळा समितीसमोर फोडलं होतं. किल्ली गहाळ झाल्याचा ठराव सुवाच्य अक्षरात मीच लिहिला होता. खाली बायकोची सही होती.

“म्याच दिलती किल्ली मॅडमले,” दारातून मावशी म्हणाल्या. “म्हणलं, देऊन टाका. त्या म्हणे, मागतील तवा देऊ.”

आमच्या दोन खोल्यांमध्ये एक भिंत होती. किल्ली हरवली तेव्हा मी कपाटाखाली वाकून शोधलं, सायकलच्या पिशवीत शोधलं, दोनदा घरी जाऊन आलो. शेजारच्या खोलीत जाऊन विचारलं नव्हतं.

नव्या बाईंनी किल्ली परत डब्यात टाकली. “सर, हे असंच राहू दे ना,” त्या म्हणाल्या. “मला पोरं शिकवतील. तुमच्या चिठ्ठ्या तेवढ्या काढाव्या लागतील.”

मी ओलं फडकं घेऊन बसलो. डिंक चांगला होता, त्यामुळे काढायला डकवण्याहून जास्त वेळ लागला. तेवढ्यात बाईंनी विचारलं, “ही दोरी कशाची?” आणि पोरं कोपऱ्यात जाऊन ती ओढायला लागली. जूनपर्यंत पोचायला फेब्रुवारी, मार्च, एप्रिल ओलांडावे लागत होते. ते तक्ते तिनं लावले होते आणि यंदा ते कुणी पाहिलेच नव्हते. एकामागून एक फळ्यासमोरून जायला लागले. पतंग, पळस, कलिंगडाच्या फोडी.

“जरा हळू ओढता का?” मी पोरांना विचारलं.

त्यांनी हळू ओढली.