वाकड्या मुळाची दाढ

घोडेगावच्या बाजारात चाळीस वर्षं बैलांचे दात बघून वय सांगणारे कानिफनाथ दलाल. पण स्वतःचं तोंड उघडायचं म्हटलं की गडी गार! गेल्या खेपेला तर कहरच केला. शेवगावच्या डॉक्टर भार्गवींनी दाढेत केसाएवढी सुई घातली आणि यांनी, भाव न पटल्यासारखी, सवयीनं मान झटकली. सुई मोडता मोडता वाचली.

"काका, मूळ विळ्यासारखं वाकलंय," डॉक्टर आज म्हणाल्या. "वळणात सुई मोडली तर दाढ काढावीच लागेल. मान हलवायची नाही."

"काढू नका बाई," कानिफनाथांनी हात जोडले. त्या बाजूला चावायला तेवढी एकच उरली होती. ती गेली की भाकरी दुधात कुस्करून खायची पाळी. दात पडलेल्या बैलाला बाजारात कोण विचारतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

इंजेक्शननं जबडा बधिर झाला, डोळे मिटले. सुई हळूहळू खाली जाऊ लागली, तशी त्यांना धुक्यातून ओढ्याकडं उतरणारी पायवाट दिसली. तिच्यावरून आजवर विकलेले सगळे बैल चालले होते, घुंगरं वाजवत, संथ. वळणाशी पुढचा बैल थबकला. कानिफनाथांची मान ताठली. आता झटकणार!

शेजारी बसलेल्या बनुबाईंनी नवऱ्याची ती मान बरोबर ओळखली. त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली त्यांची दोन बोटं घट्ट धरली. मग तीन. मग पुन्हा दोन. बाजारात भाव असाच ठरतो, रुमालाखाली, बोटांनी; आणि त्या वेळी चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नसते, नाहीतर समोरचा मनातलं ओळखतो. कानिफनाथ जागच्या जागी थिजले.

सुई वळली. धुक्यात बैल एकामागून एक वळण उतरून पाण्याशी गेले. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी मुळाच्या पोकळीत रबरासारखी गुलाबी काडी भरून ते बंद केलं आणि एक्स-रे दाखवला. त्या काडीची पांढरी बारीक रेघ वळण घेऊन थेट टोकाला पोचली होती.

"वाचली दाढ, काका!"

"कितीला मागत हुतीस गं?" कानिफनाथांनी बधिर ओठांनी बायकोला विचारलं.

"मला कुठं येतंय तुमचं ते बोटांचं?" बनुबाई लाजल्या. "चाळीस वर्षं लोकांची बोटं धरलीत तुमी. म्हटलं, आज आपन धरावीत."

रुमाल अजून तसाच होता. कानिफनाथांनी खाली तिची पाची बोटं धरली. या खेपेला मात्र चेहरा काही त्यांच्या ताब्यात राहिला नाही.